वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं: घरात पेइंग गेस्ट आहे आणि कपडे घरातच वाळवायचेत

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचं घर छोटं आहे, दोन बेडरूम आणि हॉल. त्यातली एक खोली मी एका नोकरी करणाऱ्या मुलीला भाड्याने दिलीये. मुलगी चांगली आहे, वेळेवर भाडं देते, त्रास काही नाही. प्रॉब्लेम फक्त कपड्यांचा. बाहेर दोरी बांधायला जागा नाही त्यामुळे सगळं आतच वाळवावं लागतं. ती तिच्या खोलीत स्टँडवर कपडे पसरते आणि दार खिडकी बंद करून कामावर जाते, दोन दोन दिवस ते वाळत नाहीत, मग तेच कपडे परत धुते. माझे कपडे हॉलमध्ये खुर्च्यांवर पडलेले असतात. आता तिच्या खिडकीच्या काचेवरून सकाळी पाणी ओघळतं आणि कपाटामागे भिंतीवर काळे ठिपके दिसायला लागलेत. मध्ये मी छोटा हीटर आणून लावला तर बिल बघून धक्का बसला. ड्रायर घेऊ का? की तिला सांगू की कपडे बाहेर लाँड्रीत दे? वाईट वाटायला नको तिला आणि बिलही वाढायला नको.

उत्तर: ड्रायर घेण्याच्या आधी थांबा जरा. तुमच्या घरातली अर्ध्याहून जास्त गोष्ट फुकटात सुटू शकते असं मला तुमचं पत्र वाचून वाटतंय, फक्त आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल की कपड्यातलं पाणी वाळताना जातं कुठे. आपण म्हणतो कपडे वाळले, पण ते पाणी नाहीसं झालेलं नसतं, ते फक्त कपड्यातून हवेत गेलेलं असतं, आणि ती हवा जर घरातच कोंडलेली असेल तर पाणीही घरातच आहे. काचेवर ओघळतंय ते पाणी म्हणजे तिचे कपडेच आहेत असं समजा.

आता किती पाणी ते बघा. मशीनमध्ये पाच किलो सुती कपडे धुतले आणि ८०० आरपीएमवर, म्हणजे ड्रमच्या मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, स्पिन केलं तर कपड्यात साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं. तेच १४०० वर स्पिन केलं तर अडीच लिटरच्या आसपास. म्हणजे चांगल्या स्पिननंतरसुद्धा दोन-अडीच लिटर पाणी हवेत जाणार आहे. आणि हवेची जागा किती? २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी मावतं. तीन मीटर बाय चार मीटरची खोली, उंची पावणेतीन मीटर धरली तर झाली ३३ घनमीटर. त्या हवेत आधीच ६० टक्के ओलावा असेल, आणि बऱ्याच घरात असतोच, तर उरलेली जागा फक्त ३०० ग्रॅमची! अडीच लिटर पाणी त्या खोलीत बसणारच नाही हो. खोलीतली हवा निदान आठ वेळा पूर्ण बदलली तर ते पाणी बाहेर जाईल, खरं तर त्याहून जास्त वेळा, कारण हवा भरत आली की वाळण्याचा वेग मंदावत जातो. त्या मुलीने दार खिडकी लावून घेतली की पहिल्या काही तासातच हवा भरते आणि मग कपडे नुसते लटकत राहतात. दोन दिवस लागतात ते यामुळे.

आणि हीटरने काय केलं तेही सांगते. गरम हवेत जास्त पाणी मावतं हे खरं, म्हणून कपडे लवकर वाळल्यासारखे वाटले असतील. पण ती गरम दमट हवा फिरत फिरत जिथे भिंत थंड आहे तिथे जाते, म्हणजे बाहेरची भिंत, कोपरे, कपाटामागची जागा, आणि तिथे गार होऊन पाणी सोडते. तुमचे काळे ठिपके नेमके कपाटामागे का आले याचं कारण हेच, तिथे हवा फिरत नाही आणि भिंत गार असते. शिवाय २००० वॅटचा हीटर तीन तास चालला की सहा युनिट गेली. एवढ्या विजेत साधा ५० वॅटचा टेबल फॅन १२० तास चालतो.

तर मग क्रमाने काय करायचं. क्रम महत्त्वाचा आहे कारण पहिल्या पायऱ्या जवळजवळ फुकट आहेत आणि लोक नेमक्या त्याच सोडून थेट यंत्र विकत घ्यायला धावतात.

पहिलं, पाणी मशीनमध्येच काढा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.७ युनिट एवढी उष्णता लागते, मग ती हीटरची असो की खोलीतल्या हवेची. तेच पाणी ड्रम फिरवून काढायला त्याच्या मानाने अगदी किरकोळ वीज लागते. म्हणून सुती कपडे, टॉवेल, चादरी, जीन्स यांना मशीन देईल तो सगळ्यात जास्त स्पिन द्या, आणि धुणं झाल्यावर नुसतं स्पिन परत एकदा लावा. मशीन थांबलं की एकदा कपडे झटकून सैल करून मग दुसरं स्पिन लावलं तर अजून पाणी निघतं कारण गुंता झालेल्या गोळ्यात पाणी अडकून राहतं. नाजूक कपडे, लोकरीचे, जास्त स्पिन चालत नाही त्यांना कोरड्या टॉवेलवर पसरायचं, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि वरून दाबायचं, पिळायचं नाही. टॉवेल बराच ओला होतो तो बघूनच कळेल किती पाणी निघालं ते.

दुसरं, जागा एकच ठरवा. आता तुमच्या घरात दोन ठिकाणी कपडे वाळतायत, तिच्या खोलीत आणि हॉलमध्ये, म्हणजे ओल दोन्हीकडे. माझा पहिला कौल बाथरूमला, जर तिथे एक्झॉस्ट फॅन असेल तर. छोटा एक्झॉस्टसुद्धा तासाला ८०-१०० घनमीटर हवा बाहेर फेकतो, प्रत्येक घनमीटरमागे चार ग्रॅम पाणी जरी त्याने नेलं तरी तासाला सव्वातीनशे-चारशे ग्रॅम झाले, म्हणजे सात-आठ तासात एक धुणं. आणि ते पाणी थेट घराबाहेर जातं, भिंतीला लागतच नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. बाथरूमचं दार लावून घ्या पण दाराखाली फट राहू द्या, आणि एक्झॉस्टच्या शेजारची खिडकी बंद ठेवा. खिडकी उघडी असली की फॅन त्या खिडकीतूनच हवा ओढतो आणि तीच लगेच बाहेर टाकतो, कपड्यांवरून काही जातच नाही. हवा दाराखालून यायला हवी, कपड्यांमधून जायला हवी आणि मग फॅनमधून बाहेर. सकाळी दोघींच्या आंघोळी झाल्या, लादी पुसून घेतली, की कपडे टाकायचे, संध्याकाळपर्यंत बाथरूम कोणाला फारसं लागत नाही.

एक्झॉस्ट नसेल तर ज्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि दिवसा जिथे कोणी बसत नाही ती खोली. झोपायची खोली शक्यतो नको, रात्रभर त्या ओलाव्यात श्वास घ्यायचा म्हणजे बरं नाही, विशेषतः ज्यांना दमा किंवा अॅलर्जी आहे त्यांना. बुरशी हवेत बारीक कण सोडत असते, अॅस्परजिलससारखी बुरशी दमेकऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना खरंच त्रास देते.

तिसरं, फॅन. कपड्याला चिकटून ओल्या हवेचा एक पातळ थर असतो, तो हलला नाही तर आतलं पाणी बाहेर येत नाही. फॅन तो थर उडवतो. छताचा पंखा ठीक आहे पण टेबल फॅन जास्त चांगला, स्टँडच्या टोकाला जमिनीजवळ ठेवून असा लावायचा की वारा दोन कपड्यांच्या मधून आरपार जाईल. समोरून लावला तर पहिलाच कपडा सगळा वारा अडवतो आणि मागचे तसेच ओले. आठ तास चालला तरी ०.४ युनिट. याहून स्वस्त काही नाही, खरंच नाही.

आणि कपडे टाकायची पद्धत. दोन कपड्यात निदान चार बोटांचं अंतर. शर्ट कुर्ते हँगरला, म्हणजे बाह्या मोकळ्या राहतात आणि इस्त्रीही कमी लागते. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर, कमरेकडून चिमट्यांनी गोल उघडी टांगायची म्हणजे नळीसारखी हवा आतून जाते. हुडीची टोपी वेगळी उचलून चिमटा. लांब कपडे दोन्ही कडांना आणि आखूड मध्ये असे टाकले की खालून कमानीसारखी जागा तयार होते आणि हवा चांगली खेळते, करून बघा, फरक पडतो. चादर स्टँडवर चार घड्या करून टाकायची नाही, त्यापेक्षा दोन दांड्या सोडून तंबूसारखी पसरा. उंची असेल तर छताला पुलीवर वर खाली होणारी दांडी लावून घ्या, गरम हवा वरच असते आणि खाली चालायला जागा मोकळी राहते, छोट्या घरात दोन माणसं वावरतात तेव्हा ही फार मोठी सोय आहे.

खिडकी उघडायची की नाही हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि उत्तर बाहेरच्या हवेवर आहे. बाहेर थंडी असेल तर उघडाच, अगदी बाहेरची हवा दमट वाटली तरी. ५ अंशाच्या हवेत ९० टक्के ओलावा असला तरी घनमीटरमागे पाणी असतं फक्त सहा ग्रॅम, ती आत येऊन २० अंशाला तापली की ३५ टक्क्यांवर येते, म्हणजे चांगली कोरडी. अशा दिवसात खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं सताड उघडा, हवा बदलते आणि भिंती गार पडत नाहीत. बाहेर उकाडा आणि पाऊस असेल तर मात्र वेगळं. २८ अंशाला ९० टक्के ओलावा म्हणजे घनमीटरमागे जवळजवळ साडेचोवीस ग्रॅम, ती हवा आधीच भरलेली आहे, ती आत घेऊन ओल कमी होणार नाही. तेव्हा फॅनचा जोर वाढवा, एसी असेल तर ड्राय मोडवर लावून त्याच खोलीत कपडे टाका कारण एसी हवेतलं पाणी काढूनच बाहेर सोडतो.

आता यंत्रांचं. या सगळ्यानंतरही भागत नसेल तर माझं मत डिह्युमिडिफायर घ्या, म्हणजे हवेतला ओलावा ओढून टाकीत जमा करणारं यंत्र, ड्रायर नाही. जुन्या पद्धतीचा ड्रायर एका धुण्याला तीन ते पाच युनिट खातो. हीट पंपवाला, म्हणजे तीच उष्णता परत परत वापरणारा ड्रायर, दीड-दोन युनिटमध्ये भागवतो पण विकत घेताना महाग पडतो आणि जागा अडवतो. २५० वॅटचा डिह्युमिडिफायर सहा तास चालला तर दीड युनिट, आणि तो नुसते कपडे वाळवत नाही, भिंतीतली ओलही ओढतो. शिवाय हवेतली वाफ परत पाणी होताना उष्णता सोडते, ती खोलीतच राहते, त्यामुळे खोली गार पडत नाही. फक्त तो लावताना खोलीचं दार खिडकी बंद हवी, नाहीतर तो बाहेरचीच हवा वाळवत बसेल. घर बरंच थंड असेल, १५ अंशाखाली, तर कॉम्प्रेसरवाला मंद पडतो, तिथे डेसिकंट प्रकारचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, चांगला चालतो पण त्याला वीज जास्त लागते. गरम होणारे स्टँड मिळतात, २५०-३०० वॅटचे, ते वाईट नाहीत पण ते पाणी फक्त हवेत सोडतात, बाहेर काढत नाहीत, म्हणजे खिडकी किंवा एक्झॉस्ट लागणारच. आणि ते कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे असतात ना, कॅल्शियम क्लोराइडचे, ते कपाटाला ठीक, पण एका धुण्याच्या पाण्यापुढे ते काहीच नाहीत, त्यावर पैसे घालवू नका. त्यापेक्षा एक साधा हायग्रोमीटर आणा, हवेतला ओलावा दाखवतो, आणि तो ४० ते ६० टक्क्यात ठेवायचा. सत्तरच्या वर सतत राहिला की बुरशी येणारच.

काळ्या ठिपक्यांचं लगेच करा. मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, कोरड्या ब्रशने घासू नका, कण उडतात. ब्लीच वापरलंत तर पातळ करून आणि एकटंच, अॅसिड किंवा दुसऱ्या कुठल्याही क्लीनरबरोबर कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. पुसल्यावर भिंत फॅनने कोरडी करा आणि कपाट भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढून ठेवा. पुसूनही परत परत येत असतील आणि कपडे तिथे वाळत नसतील तर मग भिंतीतच कुठून पाणी झिरपतंय का ते बघून घ्या.

आणि आता त्या मुलीचं. तिने खिडकी बंद केली ती मुद्दाम नाही, घर उघडं टाकून जायला नको म्हणून केली असणार, ती दुसऱ्याच्या घरात राहते, तिला तिच्या कपड्यांनी हॉल अडवायचा नसेल म्हणून ती ते स्वतःच्या खोलीत कोंडते. बहुतेक वेळा हे असंच असतं. म्हणून बोलताना "तुझ्यामुळे भिंत खराब झाली" इथून सुरू करू नका. मी तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं, "अगं, तुझे कपडे वाळत नाहीत आणि तुझ्या खोलीत ओल येतेय, तुला त्रास होईल. आपण दोघींचे कपडे बाथरूममध्येच टाकूया, एक्झॉस्ट चालू ठेवूया. तुझे दिवस कुठले ठरवायचे?" दिवस वाटून घ्या, आठवड्यातले दोन-तीन तिचे, दोन-तीन तुमचे, एकाच दिवशी दोन धुणी लावायची नाहीत. चादरी टॉवेल यांना वेगळा दिवस. कोणी कधी काढायचे तेही ठरवा, कारण वाळलेले कपडे दोन दिवस स्टँडवर पडून राहिले की दुसरीचे ओले कपडे परत खुर्चीवर जातात आणि तुमचं हॉलचं दुखणं तिथूनच सुरू झालंय. लाँड्रीत दे असं मात्र सांगू नका, खोली देताना धुण्याची सोय आहे असं बोलणं झालं असेल तर ते आता काढून घेणं बरं दिसत नाही.

प्रश्न: ताई मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे मी एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहते. काकू प्रेमळ आहेत पण मला हॉलमधल्या स्टँडवर आतले कपडे टाकायला फार संकोच वाटतो, घरात काका आहेत, त्यांचा मुलगा येतो जातो. म्हणून मी ते खोलीत खुर्चीच्या पाठीवर टाकते आणि त्यांना कुबट वास येतो. टॉवेलला तर धुतल्या धुतल्या वास येतो. रात्री फॅन चालू ठेवला की काकू बिलाचं म्हणतात.

उत्तर: संकोच वाटणं अगदी बरोबर आहे, आणि त्याची सोय तुला मिळायला हवी. छोट्या चिमट्यांचा गोल हँगर मिळतो, वीसेक चिमटे असतात, तो तुझ्या खोलीत खिडकीजवळ टांग. आतले कपडे, मोजे, रुमाल सगळं त्याच्यावर मावतं, एकमेकांना चिकटत नाहीत आणि खुर्चीच्या पाठीपेक्षा कितीतरी लवकर वाळतात, कारण खुर्चीवर एका बाजूने हवाच लागत नाही. हे कपडे एवढे कमी आणि पातळ असतात की त्यांच्यातलं पाणी मिळून पाव लिटरही भरत नाही, खोलीला काही त्रास नाही, फक्त खिडकी थोडी उघडी ठेव. बाकीचे मोठे कपडे, जीन्स, टॉवेल, चादर, ते मात्र हॉलच्या स्टँडवर किंवा बाथरूममध्येच टाक, ते खोलीत आणू नकोस.

वासाचं कारण साबण नाही, वेळ आहे. २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की ओल्या कपड्यांचा तो कुबट वास मुख्यतः मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या बॅक्टेरियामुळे येतो. ते कपड्यावरचा घाम, तेलकटपणा खातात आणि एक वास येणारं आम्ल तयार करतात, आणि कपडा जितका वेळ ओला तितके ते वाढतात. साध्या गार पाण्याच्या धुण्यात ते पूर्ण जात नाहीत, वाळल्यावरही तग धरतात, म्हणून तुझ्या टॉवेलला परत ओला झाल्या झाल्या वास येतो. असा टॉवेल एकदा ६० अंशाच्या पाण्यात धू, मशीनमध्ये तशी सेटिंग नसेल तर बादलीत गरम पाण्यात तासभर भिजव आणि त्यात ऑक्सिजनवालं ब्लीच घाल, सोडियम परकार्बोनेट असतं त्यात, पांढऱ्याला आणि बहुतेक रंगीत सुती कपड्यांना चालतं, तरी लेबल बघून घे. मग तो त्याच दिवशी पूर्ण वाळला पाहिजे. साबण जास्त घालू नकोस, तो धाग्यात अडकून राहतो आणि बॅक्टेरियांना आयतं खाणं मिळतं. टॉवेलला सॉफ्टनर नको, त्याने टॉवेल पाणी टिपेनासा होतो. आणि मशीन थांबलं की कपडे लगेच काढ, रात्री लावून सकाळी काढले तर वास तिथेच सुरू झालेला असतो. तुला कामावरून यायला उशीर होतो त्या दिवशी मशीन लावूच नकोस.

बिलाचं काकूंशी बोल, पण आकडा घेऊन बोल. ५० वॅटचा फॅन रात्रभर आठ तास चालला तर ०.४ युनिट, महिन्यात बारा रात्री चालला तरी पाच युनिटच्या आत. काकूंच्या बिलावर युनिटचा दर लिहिलेला असतो, त्याने गुणलं की किती होतात ते दोघींनाही कळेल, आणि तू म्हण की काकू हे मी वेगळे देते. बऱ्याच घरात रक्कम इतकी कमी निघते की काकू घेणारही नाहीत, पण तू म्हणालीस हे त्यांच्या लक्षात राहील. छताचा पंखा जुना असेल तर तो ७०-७५ वॅटचा असतो, त्यापेक्षा छोटा टेबल फॅन बरा पडेल.

प्रश्न: डिह्युमिडिफायर घेतला तर तो मालकाने घ्यायचा की भाडेकरूने? आमच्याकडे दोन मुलं राहतात, त्यांचे कपडे माझ्यापेक्षा दुप्पट. बिल समान वाटलं तर मला अन्याय वाटतो आणि मोजत बसलं तर कंजूसपणा वाटतो.

उत्तर: डिह्युमिडिफायर तुम्हीच घ्या, माझं स्पष्ट मत. ते घराची भिंत, रंग, लाकडी सामान वाचवतं, ते तुमचं आहे, आणि मुलं गेली तरी ते तुमच्याकडेच राहणार. चालवायचा खर्च मात्र वाटून घ्या. मोजण्यात कंजूसपणा काही नाही, उलट न मोजता मनात धरून ठेवलं की कधीतरी भलत्याच कारणावरून भांडण होतं. प्लगमध्ये लावायचं छोटं वीज मीटर मिळतं, ते लावलं की महिन्याची युनिट सरळ दिसतात. मग धुण्याच्या वेळा धरून वाटणी करा, फ्रीजवर कागद चिकटवा आणि ज्याने धुणं लावलं त्याने रेघ मारायची, बास. नवीन मुलगा यायच्या आधी हे सगळं बोलून घ्या, धुण्याचे दिवस, कपडे कुठे टाकायचे, खिडकी आणि एक्झॉस्टचं काय, टाकीतलं पाणी कोणी ओतायचं, आणि ते भाड्याच्या कागदावर दोन ओळीत लिहून ठेवा. टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडतं आणि मग सगळे म्हणतात की याने वाळतच नाही.

प्रश्न: आमच्या पेइंग गेस्टला घाई असली की तो गॅस पेटवून त्याच्यावर शर्ट धरतो, कधी इस्त्री ओल्या कपड्यावर फिरवत बसतो. हे बरोबर आहे का?

उत्तर: गॅसचं आजच बंद करा, प्लीज. आग लागायचा धोका तर आहेच, सिंथेटिक शर्ट क्षणात पेट घेतो आणि अंगाला चिकटतो. शिवाय बंद स्वयंपाकघरात ज्योत बराच वेळ जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, त्याला वास नसतो, माणसाला कळतही नाही. आणि ज्यासाठी तो हे करतो तेही नीट होत नाही, कारण एक किलो एलपीजी जळला की त्यातून सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. म्हणजे एकीकडे शर्ट वाळवायचा आणि दुसरीकडे घरात ओल सोडायची. हीटरवर कपडा टाकणंही तसंच धोक्याचं, हीटरपासून कपडे निदान एक मीटर लांब हवेत, आणि वरच्या दोरीवरून घसरून खाली पडणार नाहीत असे.

इस्त्री जवळजवळ वाळलेल्या शर्टाला ठीक, थोडा दमट असेल तर सुरकुत्याही चांगल्या जातात. पण ओल्याचिंब कपड्यावर हजार वॅटची इस्त्री अर्धा तास फिरवणं म्हणजे अर्धं युनिट, आणि कॉलर शिवणी तरीही ओल्याच राहतात. घाईच्या वेळेसाठी त्याला हे सांगा: शर्टाला एकट्यालाच परत स्पिन दे, मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभा राहा, मग हँगरला लावून बटणं उघडी ठेवून टेबल फॅनच्या अगदी समोर टांग, हातभर अंतरावर. पातळ शर्ट साधारण दीड-दोन तासात घालण्यासारखा होतो, कॉलर आणि कफ राहिले तर तेवढ्यावरच इस्त्री फिरवायची. आणि एक शर्ट कायम धुवून इस्त्री करून कपाटात वेगळा ठेवायला सांगा त्याला, घाईच्या दिवसासाठी.